मुंग्यांची वसाहत कुठे चुकते, ते पाहावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंग्या अन्नापर्यंतचा जवळचा रस्ता शोधतात, स्वतःच्या शरीरांचे पूल बांधतात, राहायला योग्य जागा निवडतात, आणि हे सारे कोणीही हुकूम न सोडता घडते. मग याला खरी बुद्धिमत्ता म्हणायचे, की प्रत्येक मुंगी दोन-चार साधे नियम यंत्रवत पाळते आणि बुद्धीचा केवळ भास आपल्याला होतो? शेवटी एक उपप्रश्नही जोडलेला आहे: तेच नियम संगणकात घातले, तर त्या प्रोग्रामलाही बुद्धिमान म्हणावे लागेल का?

मी बरीच वर्षे मुंग्यांच्या वर्तनावर काम करतो आहे. या कामाचा बहुतांश भाग म्हणजे मुंग्यांच्या अंगावर रंगाचे बारीक ठिपके देणे आणि मग तासन्‌तास त्यांच्या फेऱ्या मोजणे. त्यातून मला एक सवय लागली आहे आणि माझे उत्तर त्या सवयीवरच उभे आहे. वसाहत काय साधते एवढेच पाहिले तर तिच्या बुद्धीविषयी फारसे कळत नाही, कारण उत्तम निष्पत्ती विचारातूनही येऊ शकते आणि आंधळ्या यंत्रणेतूनही. ती कशी चुकते, आणि चुकल्यावर तिला सावरता येते का, हे पाहिले म्हणजे आतली रचना दिसू लागते.

सर्वांत प्रसिद्ध उदाहरणापासूनच सुरुवात करतो. सायमन गॉस, झाँ-लुई देनूबूर आणि त्यांच्या ब्रुसेल्समधील सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अर्जेंटाइन मुंग्यांच्या वसाहतीला अन्नापर्यंत जाण्यासाठी दोन फाट्यांचा पूल दिला होता. एक फाटा दुसऱ्याच्या दुप्पट लांब होता. सुरुवातीला मुंग्या दोन्ही फाट्यांवरून साधारण सारख्याच प्रमाणात गेल्या, पण थोड्याच वेळात बहुतेक सगळी वर्दळ आखूड फाट्यावर आली. याचे स्पष्टीकरण फारच साधे आहे. ही मुंगी जाताना आणि येताना, दोन्ही वेळा, चालता चालता जमिनीवर गंधद्रव्य सोडते आणि फाट्यापाशी आल्यावर अधिक गंध असलेल्या बाजूला वळण्याकडे तिचा कल असतो. आखूड फाट्याने गेलेल्या मुंग्या आधी परततात, त्यामुळे त्या फाट्यावर गंध आधी साचतो, त्यामुळे पुढच्या मुंग्या तिकडे वळतात, आणि त्यांच्यामुळे गंध आणखी दाट होतो. एकाही मुंगीने दोन लांबींची तुलना केलेली नसते. जवळचा रस्ता सापडला हे खरे, पण तो कोणालाही ‘कळलेला’ नसतो.

याच गटाने प्रयोगाचा क्रम बदलूनही पाहिला होता. माझ्या मते हा बदल मूळ प्रयोगापेक्षा जास्त बोलका आहे, जरी लोकांसाठी लिहिलेल्या लेखांत त्याचा उल्लेख क्वचितच सापडतो. आधी फक्त लांब फाटा उपलब्ध ठेवला आणि अर्ध्या तासाने आखूड फाटा जोडला. मुंग्या लांब फाट्यावरूनच जात राहिल्या. नव्या फाट्यावर एखाद-दुसरी मुंगी वळली तरी तिने सोडलेला क्षीण गंध आधीच्या दाट गंधापुढे तग धरू शकला नाही. आपण लांबच्या रस्त्याने जात आहोत, हे वसाहतीला समजण्याची कोणतीही सोय त्या यंत्रणेत नव्हती. दोन्ही फाटे अगदी समान लांबीचे ठेवले, तर वसाहत त्यांपैकी एकावर एकवटते, आणि कोणत्या फाट्यावर एकवटायचे हे सुरुवातीच्या मूठभर मुंग्यांच्या योगायोगाने ठरते. निवड ठाम दिसते, पण तिच्यामागे कारण म्हणावे असे काही नसते.

हे सारे ज्ञान मुंग्यांच्या डोक्यात कमी आणि जमिनीवर जास्त असते, हे मला एका गफलतीने शिकवले. सुरुवातीच्या काळात एकदा दोन प्रयोगांच्या मध्ये पुलावरचा, गंध साचलेला कागद बदलायचा आमच्याकडून राहून गेला. दुसऱ्या वसाहतीच्या मुंग्यांनी तो पूल पूर्वी कधी पाहिलेला नव्हता, तरी त्या पहिल्या काही मिनिटांतच अशा फाट्यावर जमू लागल्या जिथे त्या वेळी अन्नच नव्हते. तासाभरापूर्वी दुसऱ्याच मुंग्यांनी लिहिलेली सूचना त्या वाचत होत्या. प्येर-पोल ग्रासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९५९ मध्ये वाळवीच्या बांधकामाचा अभ्यास करताना नेमकी हीच गोष्ट मांडली होती: कामकऱ्यांना एकमेकांशी बोलावे लागत नाही, आधी झालेले कामच पुढच्या कामाला चालना देते. या तत्त्वाला त्याने ‘स्टिग्मर्जी’ असे नाव दिले आणि आजही आमच्या क्षेत्रात तोच शब्द रूढ आहे.

चुकीचे याहून टोकाचे रूप लष्करी मुंग्यांत दिसते. त्यांच्या कामकरी मुंग्या जवळजवळ आंधळ्या असतात आणि पुढच्या मुंगीचा माग धरून चालतात. एखादी तुकडी मुख्य ताफ्यापासून तुटली आणि तिचा माग वळून स्वतःलाच येऊन मिळाला, तर मुंग्या गोल फिरत राहतात आणि अनेकदा थकून मरेपर्यंत फिरतात. विल्यम बीबी याने १९२१ मध्ये गयानातील अशा एका चक्राचे वर्णन केले होते. त्याचा परीघ १,२०० फूट होता आणि एका मुंगीला एक फेरी पूर्ण करायला सुमारे अडीच तास लागत होते. टी. सी. श्नायर्ला याने १९४४ मध्ये अशा चक्राचे बारकाईने विश्लेषण केले. जो नियम एरवी हजारो मुंग्यांना एकत्र ठेवतो, तोच नियम इथे त्यांना मारतो, आणि त्या घोळक्यातील एकाही मुंगीला बाहेर पडण्याचे कारण सापडत नाही.

इथे थांबलो तर निकाल साध्या नियमांच्या बाजूने लागेल, आणि अनेक लेखक इथेच थांबतात. पण पुलाचा तोच प्रयोग काळ्या बागमुंगीवर, म्हणजे लॅसियस नायगर या जातीवर केला, तेव्हा वेगळे चित्र दिसले. आखूड फाटा उशिरा जोडला तरी ही वसाहत त्याच्याकडे वळते. कारण असे की लांब फाट्यावरून चालणाऱ्या मुंगीला आपण अन्नाच्या दिशेपासून फारच आडवे चाललो आहोत याची जाणीव होते आणि ती अर्ध्या वाटेवरून माघारी फिरते. ही माघार वसाहतीच्या नियमांत बसत नाही. ती एका मुंगीच्या दिशास्मृतीतून येते. दोन्ही जातींची गंधाची यंत्रणा जवळपास सारखीच आहे. एक वसाहत चुकीत अडकते आणि दुसरी त्यातून बाहेर पडते, आणि हा फरक केवळ एकेक मुंगी स्वतः किती लक्षात ठेवते यामुळे पडतो.

म्हणूनच ‘मुंगी म्हणजे दोन-चार नियमांचे बाहुले’ हे गृहीतक मला मुळातच चुकीचे वाटते. मुंगीच्या मेंदूतील चेतापेशींची संख्या फार तर काही लाखांत मोजली जाते, तर माणसाच्या मेंदूत ती सुमारे ८,६०० कोटी आहे. तरीही तेवढ्या भांडवलावर मुंगी जे करते ते साधे म्हणता येणार नाही. सहारातील कॅटाग्लिफिस ही मुंगी एकटीच अन्नाच्या शोधात निघते, नागमोडी भटकते आणि अन्न सापडताच जवळजवळ सरळ रेषेत बिळाकडे परतते. दिशेसाठी ती आकाशातील ध्रुवीभूत, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या, प्रकाशाचा आधार घेते, आणि अंतरासाठी पावलांचा हिशोब ठेवते. हा दुसरा भाग मातियास विटलिंगर, र्‍यूडिगर वेनर आणि हाराल्ड वोल्फ यांनी २००६ मध्ये फार कल्पकतेने सिद्ध केला. दहा मीटर चालून अन्नापर्यंत आलेल्या मुंग्यांपैकी काहींच्या पायांना त्यांनी डुकराचे केस चिकटवून पाय लांब केले, तर काहींचे पाय आखूड केले. लांब पायांच्या मुंग्या बिळाची जागा ओलांडून सुमारे पंधरा मीटरपर्यंत गेल्या, आखूड पायांच्या मुंग्या सहा मीटरच्या आतच थांबून बीळ शोधू लागल्या. पुढच्या वेळी त्याच बदललेल्या पायांनी बिळातून निघालेल्या मुंग्यांचा हिशोब मात्र बरोबर आला. इथेही चुकीनेच यंत्रणा उघड केली, हे लक्षात घ्यावे.

काळ्या बागमुंगीकडे परत येतो. अन्नाच्या जागी काही फेऱ्या केलेल्या अनुभवी मुंगीपुढे गंधाची रेघ एकीकडे आणि तिची स्वतःची आठवण दुसरीकडे अशी पेचाची स्थिती निर्माण केली, तर ती बहुतेक वेळा आठवणीवर विसंबते. नवख्या मुंगीपाशी आठवण नसल्यामुळे ती गंधामागे जाते. शिवाय वाट चांगली परिचयाची झाली किंवा वाटेवर गर्दी वाढली की ही मुंगी गंध सोडण्याचे प्रमाण कमी करते. म्हणजे ‘गंध दिसला की जा’ हा नियम परिस्थिती, अनुभव आणि गर्दी यांनुसार बदलत राहतो. अशा नियमाला ‘साधा’ हे विशेषण लावताना मी तरी अडखळतो.

आता मूळ प्रश्नाचा खरा कस ज्या मुंगीवर लागतो तिच्याकडे वळतो. टेम्नोथोरॅक्स ही दोन-तीन मिलिमीटरची मुंगी दगडांच्या फटींत किंवा पोकळ ओकफळांसारख्या लहानशा जागेत राहते आणि तिची अख्खी वसाहत बहुधा काही शेच मुंग्यांची असते. घर मोडले की वसाहतीला नवे घर शोधावे लागते. टेहळणी करणाऱ्या मुंग्या निरनिराळ्या फटी पाहतात. जागेचे क्षेत्रफळ, आतला अंधार, छताची उंची आणि प्रवेशद्वाराची रुंदी या गोष्टी त्यांच्या दृष्टीने महत्त्वाच्या असतात. जागा जितकी चांगली, तितकी मुंगी इतरांना बोलावण्यापूर्वी कमी वेळ थांबते. बोलावण्याची पद्धतही पाहण्यासारखी आहे: ती एकाच मुंगीला बरोबर घेते, मागची मुंगी आपल्या स्पर्शिकांनी पुढचीला टोचत राहते, आणि मागची रेंगाळली तर पुढची तिच्यासाठी थांबते. वाट शिकवण्याच्या या प्रकाराला नायजेल फ्रँक्स आणि टॉम रिचर्डसन यांनी २००६ मध्ये ‘शिकवणे’ असेच नाव दिले, आणि त्यावर बराच वादही झाला. नव्या जागेत पुरेशा मुंग्या जमल्या, म्हणजे जणू गणपूर्ती झाली, की टेहळ्या मुंग्या शिकवणे सोडतात आणि उरलेल्या मुंग्यांना, पिल्लांना व राणीला उचलूनच आणू लागतात. हा प्रकार जोडीने चालत नेण्याच्या सुमारे तिप्पट वेगाने होतो. जुन्या घराभोवतीची परिस्थिती प्रतिकूल असेल तर ही गणपूर्तीची मर्यादाच खाली येते. घर लवकर ठरते, पण चुकीचे ठरण्याचा संभवही वाढतो. वेग आणि अचूकता यांच्यातली ही देवघेव निर्णय घेणाऱ्या कोणत्याही व्यवस्थेला करावीच लागते.

या मुंग्यांवरचे चार प्रयोग माझ्या मते संपूर्ण चर्चेतील सर्वांत महत्त्वाचा पुरावा आहेत. माणसांना दोन जवळपास तुल्यबळ पर्यायांतून निवड करायला सांगितली आणि मध्येच एक तिसरा, उघडउघड कमअस्सल पर्याय ठेवला, तर त्या तिसऱ्याच्या तुलनेने पहिल्या दोहोंतला एक अकारण चांगला वाटू लागतो. दुकानदार आणि जाहिरातवाले या दोषाचा सर्रास फायदा घेतात. सुझन एडवर्ड्स आणि स्टीफन प्रॅट यांनी २००९ मध्ये दाखवले की मुंग्यांची वसाहत अशा फसव्या पर्यायाला बळी पडत नाही. २०११ मध्ये ताकाओ सासाकी आणि प्रॅट यांनी त्याच प्रश्नाची दुसरी बाजू तपासली: एकट्या मुंगीला तेच पर्याय दिले तर ती फसते. एकटी मुंगी अतार्किक आणि वसाहत तार्किक, हे कसे? वसाहतीत बहुतेक मुंग्यांनी एकच जागा पाहिलेली असते. ज्याने एकच जागा पाहिली त्याला तुलना करता येत नाही, आणि ज्याला तुलनाच करता येत नाही त्याला तुलनेच्या आधारे फसवताही येत नाही. इथे वसाहतीचे शहाणपण तिच्या घटकांच्या अज्ञानावर उभे आहे, आणि हे वाक्य मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही.

त्याच जोडीने २०१२ मध्ये पर्यायांची संख्या वाढवून पाहिली. दोन घरांतून निवडायचे असेल तर एकटी मुंगीही चांगले घर ओळखते. पण चार चांगली आणि चार वाईट अशी आठ घरे ठेवली की तिचा गोंधळ उडतो आणि तिची निवड जवळजवळ नाणेफेकीसारखी होते. वसाहतीवर मात्र या संख्येचा असा परिणाम होत नाही, कारण काम वाटले जाते आणि कोणत्याही एका मुंगीवर ओझे पडत नाही. एवढ्यावर ‘समूह नेहमीच शहाणा’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, म्हणून २०१३ चा चौथा प्रयोग सांगणे आवश्यक आहे. दोन घरांच्या अंधारात अगदी सूक्ष्म फरक ठेवला, तर वसाहत एकट्या मुंगीपेक्षा अचूक ठरली. पण फरक ढळढळीत ठेवला, तेव्हा एकटी मुंगी वसाहतीपेक्षा सरस ठरली. एकटी दोन्ही घरे पाहून सरळ तुलना करू शकते. वसाहतीत मात्र सुरुवातीला चुकीच्या घरात जमलेल्या मुंग्या इतरांना तिकडेच ओढतात आणि निर्णय तिथेच अडकतो. पुलावर अर्जेंटाइन मुंग्यांना जो रोग जडला होता, तोच इथे सौम्य रूपात पुन्हा दिसतो. बारीक फरक ओळखण्याची ताकद आणि चुकीत अडकण्याचा धोका या एकाच यंत्रणेच्या दोन बाजू आहेत.

या मालिकेला जोडून आणखी एक निरीक्षण आहे. तीच वसाहत थोड्या थोड्या अंतराने पुन्हा पुन्हा घर बदलू लागली तर दर वेळी तिचा एकूण वेळ कमी होत जातो, आणि मधले अंतर फार वाढले तर हा लाभ मावळतो. वसाहत शिकते आणि विसरते, असे म्हणण्यास हरकत नाही. ही शिकवण तिच्यातील काही मुंग्यांच्या वैयक्तिक स्मृतीत साठलेली असते.

एकत्र ओझे वाहणाऱ्या मुंग्यांविषयी मला अनेकदा विचारले जाते. पॅराट्रेकिना लाँगिकॉर्निस ही चपळ मुंगी स्वतःच्या कितीतरी पट मोठा तुकडा डझनावारी मिळून ओढत नेते. ओफर फायनरमन यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवले की ओढणाऱ्या बहुतेक मुंग्या केवळ जाणवणाऱ्या जोराच्या दिशेला आपला जोर लावतात, आणि बिळाची दिशा माहीत असलेली एखादी नवी मुंगी येऊन चिकटली की ती दहा-वीस सेकंद ओझ्याला वळण देते. मग तिची माहिती शिळी होते आणि तीही इतरांसारखीच वागू लागते. पुढे याच गटाने इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराचे ओझे दोन अरुंद फटींतून पार नेण्याचे कोडे मुंग्यांना आणि माणसांना दिले. मुंग्यांचा गट मोठा झाला तसे त्यांचे कोडे सोडवणे सुधारले: मोठा गट एकदा धरलेली दिशा सहज सोडत नाही, भिंतीच्या कडेने सरकत राहतो, आणि या चिकाटीत अल्पकालीन स्मृतीसारखे काहीतरी निर्माण होते जे एकट्या मुंगीत नसते. एकटा माणूस अर्थातच मुंग्यांच्या पुढे होता. पण बोलण्यास व खुणा करण्यास मनाई केलेल्या माणसांच्या गटांना एकत्र येण्याचा काही लाभ झाला नाही. या प्रयोगाच्या बातम्या ‘मुंग्या माणसांहून हुशार’ अशा मथळ्यांखाली फिरल्या, याबद्दल मी इतकेच म्हणेन की माणसांचे तोंड बांधून केलेल्या तुलनेचा तो अर्थ होत नाही.

लष्करी मुंग्या स्वतःच्या शरीरांचे जे पूल बांधतात, त्यांचे उदाहरण त्याच प्रकारचे आहे. पनामातील बारो कोलोरॅडो बेटावर केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मुंग्यांच्या वाटेत इंग्रजी ‘व्ही’ आकाराची खाच ठेवली होती. पूल खाचेच्या टोकापाशी सुरू झाला, हळूहळू रुंद भागाकडे सरकला आणि वाट आखूड करत गेला, पण जिथे वाट सर्वांत आखूड झाली असती तिथे पोचण्याआधीच थांबला. कारण पूल जितका लांब, तितक्या जास्त मुंग्या त्यात अडकून पडतात आणि शिकारीला कमी उरतात. हा नफातोट्याचा हिशोब कोणतीही मुंगी करत नाही. पाठीवरून वर्दळ जाणवत असेल तोवर थांबायचे आणि ती कमी झाली की सुटायचे, एवढ्यावर तो जमतो.

मग हिशोब केला कोणी? याचे उत्तर मला डेबोरा गॉर्डन यांच्या कामात सापडते. त्या १९८५ पासून अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटात धान्य गोळा करणाऱ्या पोगोनोमिर्मेक्स बार्बेटस मुंग्यांच्या त्याच त्या वसाहतींचा पाठपुरावा करत आहेत. बाहेर पडायचे की नाही, हे बिळातली मुंगी परतणाऱ्या मुंग्यांच्या स्पर्शाच्या वारंवारतेवरून ठरवते. हे इतके यांत्रिक आहे की मुंग्यांच्या अंगावरच्या मेणासारख्या द्रव्याचा लेप दिलेले काचेचे मणी योग्य वेगाने बिळात टाकले तरी मुंग्या बाहेर पडू लागतात. हा प्रयोग २००३ चा. पण प्रत्येक वसाहतीची या संकेताबाबतची संवेदनशीलता वेगळी असते. कोरड्या, कडक दिवशी काही वसाहती काम आवरते घेतात, काही घेत नाहीत, आणि २०१३ मध्ये गॉर्डन यांनी दाखवले की आवरते घेणाऱ्या वसाहतींना अधिक संतती-वसाहती लाभल्या. कामकरी मुंगी वर्षभर जगते, वसाहत वीस-तीस वर्षे. मुंग्यांच्या पिढ्या बदलल्या तरी वसाहतीचा स्वभाव टिकून राहतो. वाळवंटात पाणी जपण्याचा हिशोब कोणत्याही मुंगीने केला नाही आणि वसाहतीनेही केला नाही. ज्या वसाहतींचा नियम योग्य जागी बसवला गेला होता त्यांचा वंश वाढला, आणि हिशोब त्या वाढीत झाला.

या टप्प्यावर एक आक्षेप हमखास येतो: मेंदूतील चेतापेशीही साधे नियमच पाळतात, मग वसाहतीला वेगळा न्याय का? आक्षेप पोकळ नाही. टेम्नोथोरॅक्सची गणपूर्ती आणि मेंदूतील निर्णयप्रक्रिया यांची गणिते खरोखरच जवळची आहेत. मधमाश्यांच्या थव्यात तर टॉमस सीली यांच्या गटाने २०१२ मध्ये असा ‘थांबा’ संकेत दाखवला ज्याने एका जागेच्या बाजूच्या माश्या दुसऱ्या जागेच्या प्रचारक माश्यांना आवरतात, आणि चेतापेशींचे गट एकमेकांना असेच आवरतात. यावरून ‘घटक साधे, म्हणून समूह बुद्धिहीन’ हा युक्तिवाद टिकत नाही, एवढे मला मान्य आहे. पण उलट दिशेने ‘म्हणून वसाहत म्हणजे मेंदूच’ हेही सिद्ध होत नाही. चेतापेशींमधील जोडण्या टिकाऊ असतात आणि अनुभवाने बदलतात, त्यामुळे मेंदू आयुष्यात कधीही न भेटलेल्या प्रकारच्या प्रश्नालाही काही उत्तर रचू शकतो. मुंग्या हिंडत्या असतात, त्यांचे परस्परसंबंध क्षणिक असतात, आणि वसाहतीची स्मृती गंधाच्या रेघा आणि काही मुंग्यांच्या आठवणी यांत विखुरलेली असते.

म्हणून माझा निर्णय विचारला, तर मी बुद्धीला ‘आहे किंवा नाही’ असे मोजणे सोडून देईन. निर्णय घेणे, पर्याय तोलणे, वेग आणि अचूकता यांत देवघेव करणे या अर्थाने वसाहतीकडे खरी बुद्धी आहे. तो भास नाही, कारण प्रयोगात ती एकट्या मुंगीपेक्षा मोजता येईल इतकी वेगळी वागते. पण आपले उत्तर चुकीचे आहे हे ओळखण्याची शक्ती तिच्याकडे फक्त तितकीच आहे, जितकी तिच्या मुंग्यांच्या स्मृतीत किंवा निवडीच्या दीर्घ इतिहासात आधीच भरली गेली. घरबदल, अन्नाची वाट, ओझे वाहणे हे प्रश्न तिच्या पूर्वजांनी असंख्य वेळा सोडवलेले आहेत, म्हणून तिथे ती थक्क करते. बंद वर्तुळात सापडलेल्या लष्करी मुंग्यांच्या पूर्वजांना मात्र त्यातून सुटण्याची युक्ती मिळालेली नव्हती, आणि ती युक्ती ऐनवेळी रचणारे त्या घोळक्यात कोणीही नाही.

आता संगणकाचा उपप्रश्न. मार्को डोरिगो याने १९९२ च्या आपल्या प्रबंधात मुंग्यांच्या गंधमार्गांवरून एक पद्धत रचली आणि ती अनेक शहरांतून एकेकदाच जाऊन परतण्याचा सर्वांत आखूड मार्ग शोधण्यासारख्या कठीण प्रश्नांवर वापरली. नावात मुंगी असली तरी ही कृत्रिम मुंगी खऱ्या मुंगीहून महत्त्वाच्या बाबतींत वेगळी आहे. ती पूर्ण फेरी संपल्यावर आपल्या मार्गाची एकूण लांबी जाणते आणि त्या मानाने गंध टाकते. पुढच्या सुधारित आवृत्त्यांत तर सर्वांच्या मार्गांची तुलना करून फक्त सर्वोत्तम मुंगीलाच गंध टाकू दिला जातो, म्हणजे कोणत्याही बिळात नसलेला हिशोबनीस तिथे नेमलेला असतो. गंधाचे बाष्पीभवन हाही तिथे कळीचा भाग आहे, तर ब्रुसेल्सच्या पुलावर गंध इतका हळू उडत होता की त्याचा निकालावर फारसा परिणाम नव्हता.

तरीही या प्रोग्रामांना अगदी पुलावरचाच रोग होतो: सगळ्या कृत्रिम मुंग्या एका मध्यम मार्गावर एकवटतात आणि शोध थांबतो. त्यावर उपाय म्हणून कोणत्याही वाटेचा गंध एका किमान पातळीखाली जाऊ द्यायचा नाही, अशी मर्यादा घालण्यात आली, जेणेकरून सोडून दिलेली वाटही पुन्हा निवडली जाण्याची शक्यता उरते. हा उपाय प्रोग्रामने शोधला नाही. तो अडकला आहे हे माणसाने पाहिले आणि मर्यादा घातली. काळ्या बागमुंगीच्या बाबतीत तेच काम अर्ध्या वाटेवरून माघारी फिरणारी मुंगी स्वतः करते. प्रोग्रामला बुद्धिमान म्हणायचे का, असे मला विचारणाऱ्याला मी आधी हेच विचारतो की तो अडकला तेव्हा माघारी कोण फिरले.